नंदाचं पेन, अण्णांची मशीन

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी सरली, थंडी पडली आणि अण्णांची छाती पुन्हा वाजू लागली. करमाडला या दिवसांत हवेला उसंत नसते. कपाशीची वेचणी चालू, मक्याच्या खळ्यावर मळणीयंत्र चालू, जालना रोडला ट्रकांची रीघ आणि पहाटे दारोदार शेकोट्या. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं बिडी ओढली, आणि घरात चुलीचा धूर होताच. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलाय. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्या. पूर्वीसारख्या होणार नाहीत, पण त्यांना सांभाळता येतं.

सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझरची मशीन लावायची आहे. ड्युओलिन या औषधाची एक रेस्प्यूल, म्हणजे छोटी कुपी, अडीच मिलिलिटरची. मशीन हवा जोरात ढकलते, ती हवा कपातल्या बारीक छिद्रातून जाताना औषध वर ओढते आणि त्याचं धुकं करते. थेंब एक ते पाच मायक्रॉनचे असले तरच ते खोल फुप्फुसात पोचतात. मोठे थेंब घशातच चिकटतात. छिद्रात मागच्या वेळचं औषध वाळून बसलं असेल, तर मशीनचा आवाज तोच येतो, धुकंही दिसतं, आणि औषध मात्र निम्मंसुद्धा आत जात नाही. आवाज चालू आहे म्हणजे उपचार चालू आहे, अशी बहुतेक घरांत समजूत असते.

अण्णांना खुर्चीत ताठ बसवते, मास्क नाकाशी घट्ट धरते. सैल राहिला तर धुकं डोळ्यांत जातं, आणि काचबिंदू असलेल्याला ड्युओलिनमधल्या इप्राट्रोपियमचा त्रास होऊ शकतो. झालं की कपातलं उरलेलं औषध फेकायचं, कप आणि मास्क कोमट पाण्याने धुवायचे, झटकायचे, स्वच्छ कापडावर वाळत घालायचे. नळी धुवायची नाही. ओल दिसली तर नुसती मशीन मिनिटभर चालवून आतून सुकवायची. अधूनमधून एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात कप अर्धा तास बुडवून पुन्हा धुवायचा. हवेच्या वाटेवरचा पांढरा फिल्टर करडा पडला की बदलायचा. आमच्या हवेत तो लवकर पडतो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सातला बहिणीचा, नंदाचा, व्हिडिओ कॉल. टोरांटोकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. अंडाशयाच्या कर्करोगाचे केमो संपून वर्ष होत आलं, आजार आटोक्यात आहे, पण पॅक्लिटॅक्सेल या औषधाने बोटांच्या टोकांतल्या आणि तळपायांच्या नसा दुखावल्या. "ताई, रात्री पांघरूण पायाला लागलं तरी आग होते," म्हणाली. आवाज रडवेला नव्हता; दमलेला होता, आणि त्याची मला जास्त काळजी वाटली.

मग तिने एक पेनासारखी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरली. गेले काही महिने ती गांजाचा अर्क ओढते आहे. तिकडे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, आणि अर्कांना परवानगी त्याच्या पुढच्या वर्षी मिळाली. मला धक्का बसला, हे तिच्यापासून लपवलं नाही. पण आधी ऐकून घ्यायचं ठरवलं. ज्या बहिणीला झोप नाही तिला पहिल्या वाक्यात उपदेश करणं मला बरोबर वाटत नाही.

तिने सगळं उलगडून दाखवलं. खाली लिथियम बॅटरी. तिच्यावर आट्यांनी बसणारी, सिरॅमिकची इवलीशी वाटी. त्यात तांदळाच्या दाण्याएवढा, मधाच्या रंगाचा चिकट अर्क टाकायचा. हा तिचा रोझिन, म्हणजे फुलं नुसती उष्णतेने आणि दाबाने पिळून काढलेला; दुसरे काही अर्क ब्यूटेनसारख्या वायूने काढतात. बटण दाबलं की वाटी तापते, अर्क जळत नाही, त्याची वाफ होते. ती हळू ओढायची. मग थांबायचं. परिणाम काही सेकंदांत ते मिनिटांत कळू लागतो, पूर्ण यायला अर्धा तास लागू शकतो आणि सहा तासांपर्यंत राहू शकतो. "म्हणून घाईने दुसरा झुरका नाही, हे मी पाळते," ती म्हणाली.

मी विचारलं, साफ कधी करतेस? ती गप्प.

३ डिसेंबर, मंगळवार

चार दिवस वाचते आहे. शाळेत विज्ञान शिकवलं त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

नसांच्या दुखण्यावर गांजाचा उपयोग होतो का, याचे चांगले प्रयोग झालेत, पण छोटे आहेत. कॅनडातच मॅकगिल विद्यापीठाच्या मार्क वेअर यांनी २०१० मध्ये २३ जणांवरचा प्रयोग छापला, ९.४ टक्के टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) असलेल्या गांजाने दुखणं थोडं उतरलं आणि झोप सुधारली. कॅलिफोर्नियात बार्थ विल्सी यांनी २०१३ मध्ये ३९ रुग्णांना व्हेपोरायझरमधून वाफ दिली. त्यात टीएचसी किती होतं? त्याच रुग्णांना एका खेपेला १.२९ टक्के, दुसऱ्या खेपेला ३.५३ टक्के. कमी मात्रेचा गुण जास्त मात्रेच्या जवळपास आला.

नंदाच्या अर्काच्या डबीवर ७४ टक्के छापलेलं आहे.

हा आकडा वाचून मी वही मिटली आणि परत उघडली. ज्या प्रयोगांच्या जोरावर सगळे सांगतात की गांजाने नसांचं दुखणं कमी होतं, ते प्रयोग साध्या फुलांचे होते, तेही सौम्य फुलांचे. अर्काचे नव्हते. शिवाय ते बहुतेक वेगळ्या कारणाने दुखणाऱ्या नसांवर होते. केमोने दुखावलेल्या नसांसाठी पुरावा फारच तुटपुंजा आहे. तिला आराम पडतो ते खोटं नाही. पण एवढ्या आरामासाठी एवढं तीव्र औषध लागतं, असं कोणीही दाखवून दिलेलं नाही. गरजेपेक्षा जास्त टीएचसीने धडधड, भोवळ, घबराट येते, आणि रोज घेतलं की शरीर सरावतं, मग मात्रा वाढत जाते.

वाफ धुरापेक्षा बरी, हे मात्र खरं दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डोनाल्ड अब्रॅम्स यांनी २००७ मध्ये १८ जणांवर धूर आणि वाफ यांची तुलना केली. रक्तातलं टीएचसी सारखंच, पण वाफेत कार्बन मोनॉक्साइड खूपच कमी. बरी म्हणजे निर्धोक नव्हे.

८ डिसेंबर, रविवार

अण्णांना नंदाच्या पेनाचं सांगू की नको, असं चाललं होतं. शेवटी सांगितलं. वाटलं, संतापतील. अण्णा मशीनचा मास्क काढून ठेवत म्हणाले, "दुखत असंल तर मानूस काय करंल, बाई?" मग बराच वेळ त्यांच्या चुलत्याबद्दल बोलत राहिले.

"चुलत्याची चिलीम मातीची. बुडाला साफी गुंडाळायचा, वल्ली करून. पोटात खडा टाकायचा, म्हंजी अंगार नरड्यात येत न्हाई. वढून झाली की चिंधी आरपार काढायची, हात काळे व्हायचे. घाण चिलीम त्याला चालतच नसे." साफी म्हणजे धूर गार करायचं आणि गाळायचं फडकं, ती रोज धुवायची. अण्णांनी स्वतः चिलीम कधी ओढली नाही, पण चिंधी ओढायचं काम पोरांकडे असे.

जे नंदाला माहीत नव्हतं ते त्या निरक्षर म्हाताऱ्याला माहीत होतं: ओढायच्या वस्तूत काजळी साचली की पुढच्या खेपेला तीच पहिली छातीत जाते. तेवढ्याने चिलीम चांगली ठरत नाही. चुलते खोकून खोकून गेले, हेही अण्णांनीच सांगितलं.

संध्याकाळी इंग्रज सरकारच्या १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाबद्दल वाचलं. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, त्यांच्यासह सात सभासद, त्यांतले तीन भारतीय, हजाराच्या वर साक्षी. त्या काळी मुंबई इलाख्यात नगर आणि सातारा जिल्ह्यांत गांजा पिकत असे. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. आयोगाने सांगितलं की माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, अतिरेक वाईट, बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरं. तरी १९८५ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा आला, त्यात गांजा आणि चरस दोन्ही गेले. पानांची भांग तेवढी त्या व्याख्येच्या बाहेर राहिली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

नंदा जानेवारीत येते आहे, अण्णांना भेटायला. आज विचारलंच तिने: "ताई, तिकडच्या डॉक्टरांचं पत्र आहे माझ्याकडे. पेन आणि छोटी डबी आणली तर?"

मी संभाजीनगरच्या ओळखीच्या वकीलबाईंना फोन केला आणि त्यांच्यासमोर कलमं वाचली. शंका राहायला जागाच नाही. १९८५ च्या कायद्यात चरसच्या व्याख्येतच वेगळी काढलेली राळ, कच्ची असो की शुद्ध, आणि तिचा कोणताही संहत प्रकार, हशीश तेलासकट, सगळं येतं. म्हणजे नंदाचा रोझिन इथे चरस ठरतो. शंभर ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प मानली जाते, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. परदेशी डॉक्टरांचं पत्र इथे कामाचं नाही. आणि खुद्द कॅनडाचा कायदाही सांगतो की वैद्यकीय परवानगी असली तरी गांजाचं काहीही सीमेपलीकडे न्यायचं नाही.

"बरं, मग डबी नाही आणत. रिकामं पेन?"

तेही नाही. २०१९ चा ई-सिगारेटबंदीचा कायदा वाचताना मलाही नवल वाटलं. निकोटीन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं विजेचं उपकरण त्यात येतं, आणि त्याची आयात गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. औषध कायद्याखाली परवाना असलेली वस्तू त्यातून वगळली आहे, म्हणून अण्णांच्या मशीनला धक्का नाही. तिच्या पेनाकडे तसा परवाना नाही.

मी तिला अगदी स्पष्ट सांगितलं. दिल्लीला उतरल्यावर बॅगेत डबी सापडली, तर जामिनासाठी धावपळ करण्यात तुझी सुट्टी जाईल आणि अण्णांचा जीव. शिवाय वापरलेल्या वाटीत अर्क चिकटलेला असतोच. पुसलेलं पेनही रिकामं नसतं.

ती म्हणाली, "मग तीन आठवडे मी झोपू कशी?" याचं उत्तर माझ्याकडे आज नव्हतं.

१४ डिसेंबर, शनिवार

अमली पदार्थांचा हा कायदा मोडू नये, असं मला ठाम वाटतं. तो बदलावा, हेही तितकंच ठाम वाटतं. २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला; भारताने बाजूने मत दिलं. जम्मूची सरकारी संशोधन संस्था वैद्यकीय उपयोगासाठी गांजा पिकवून अभ्यास करते आहे. आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आहे, औषध नियमांत ती वैद्याच्या देखरेखीखाली द्यायच्या औषधांच्या यादीत आहे. एवढं असूनही इथल्या कर्करोगाच्या रुग्णाला मोजलेल्या मात्रेचं, तपासलेलं औषध डॉक्टर लिहून देतील आणि दुकानदार देईल, अशी सरळ वाट नाही. अशी वाट झाली की माणसं अंधारात शोधत बसणार नाहीत.

अंधारात शोधलं की काय होतं, ते २०१९ मध्ये अमेरिकेत दिसलं. व्हेप ओढणारी तरुण मुलं अचानक श्वास कोंडून दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशयित ठरलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, टीएचसीच्या काळ्या बाजारातल्या तेलात दाटपणासाठी घातलेलं. अंगाला लावायचं, पोटात घ्यायचंसुद्धा चालणारं ते तेल, फुप्फुसात गेलं आणि माणसं मेली. पोटाला चालतं ते छातीला चालेलच असं नाही, हे आमच्या गावातही सांगायला हवं. कापूर, बाम, कुठल्या कुठल्या तेलांचे थेंब लोक मशीनच्या कपात टाकतात. कपात औषधाखेरीज काहीही टाकू नये.

२१ डिसेंबर, शनिवार

नंदाने पेन साफ केलं, कॅमेऱ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून. निघेपर्यंत तिला ते वापरायचंच आहे, तर नीट वापर, असं मी म्हटलं.

आधी बॅटरी वेगळी काढली. तिला पाणी किंवा अल्कोहोल लावायचं नाही, फक्त आट्यांमधला धातूचा संपर्क कोरड्या कापसाने पुसायचा. वाटी किंचित कोमट असताना कापसाच्या काडीने उरलेला अर्क टिपला, मग नव्वद टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने. काडी पहिल्यांदा काळीभोर आली, नंतर तपकिरी, शेवटी स्वच्छ. तोंडाकडची काच अल्कोहोलमध्ये बुडवली, पाण्याने धुतली. मग सगळं पूर्ण सुकू दिलं. यात घाई करायची नाही. अल्कोहोल पेट घेतं आणि त्याची वाफ ओढायची वस्तू नव्हे. सिरॅमिकला भेग असेल किंवा जळका वास जात नसेल तर वाटी बदलायची, तापवून तापवून जाळायची नाही.

तापमानही विचारलं. तिच्या पेनाला चार पायऱ्या, आणि ती सर्वांत वरची वापरत होती, कारण वाफ दाट येते. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलंय की अर्कातली सुगंधी टर्पिन द्रव्यं फार तापली की त्यांच्यापासून मेथाक्रोलिन आणि बेंझीन तयार होतात. बेंझीन कर्करोगकारक. कर्करोगातून उठलेल्या बाईने, दाट वाफेसाठी! ती खालच्या पायरीवर आली. चव बरी लागते म्हणाली, खोकलाही कमी.

३० डिसेंबर, सोमवार

नंदाने तिच्या तिकडच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. इतके दिवस अर्काबद्दल पूर्ण सांगितलंच नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. परत गेल्यावर अर्क बंद, आणि लागलंच तर कमी टीएचसीचं फूल किंवा जिभेखाली घ्यायचं मोजकं तेल. आणि ड्युलोक्सेटिन पुन्हा. केमोमुळे दुखणाऱ्या नसांसाठी अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात शिफारस केलेलं तेवढं एकच औषध आहे. तिने ते पूर्वी सुरू करून मळमळीमुळे सोडलं होतं. या वेळी ३० मिलिग्रॅमपासून, जेवणानंतर, मग ६०. ही गोळी इथेही मिळते, पत्र घेऊन उजळ माथ्याने आणता येते.

६ जानेवारी २०२५, सोमवार

अण्णांना रात्री त्रास वाढला. ओठ निळसर वाटले म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि मशीन लावून दवाखाना गाठला. छातीत संसर्ग. प्रतिजैविक, चार दिवस गोळ्या, घरी सोडलं. डॉक्टरांनी कप पाहायला मागितला आणि स्वच्छ आहे म्हणाले. ओल्या कपात जंतू वाढतात आणि तेच धुक्यातून आत जातात, असं त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईलाही समजावलं. ती लिहून घेत होती. मी तिला व्हिनेगरचं प्रमाण सांगितलं.

१५ जानेवारी, बुधवार

नंदा आली. चिकलठाणा विमानतळावर उतरली, तिथून अर्ध्या तासात घरी. हातात गोळ्यांची पिशवी, वर डॉक्टरांचं पत्र, बाकी काही नाही. शेवटची डबी तिकडच्या दुकानात परत देता येत नाही, म्हणून मुलांच्या हाती लागू नये अशा कुलपाच्या पेटीत ठेवून आली आहे. पेनाची बॅटरी अर्धी भरून ठेवली. लिथियम पूर्ण रिकामी ठेवली तर मरते.

गोळीला दोन आठवडे झाले. पहिले काही दिवस मळमळ, आता कमी. आग दहापैकी आठ होती ती सहावर आहे म्हणते. रात्री तिळाच्या कोमट तेलाने तिचे तळपाय हलक्या हाताने चोळले. तेवढं तिला सहन झालं. पहिल्या रात्री तीनला जाग आली, उठून बसली. मीही उठले. पेन असतं तर ओढलं असतं, असं सरळ म्हणाली. मग आम्ही चहा केला आणि बोलत बसलो.

२० जानेवारी, सोमवार

संभाजीनगरला कर्करोगतज्ज्ञांना दाखवून आलो. नंदाने न लाजता पेनाबद्दलही सांगितलं, आणि डॉक्टरांनी न दचकता लिहून घेतलं. गोळी ६० वर नेली. पायांतला तोल कमी झाल्यामुळे फिजिओथेरपी सांगितली, रात्री घरात अनवाणी चालू नको म्हणाले. बधिर तळव्याला काच लागली तरी कळत नाही. विजयाच्या तेलाबद्दल तिने विचारलं. ते म्हणाले, वैद्य देऊ शकतात, पण या गोळीबरोबर गुंगी वाढेल. आधी गोळीचा गुण सहा आठवडे पाहू, मग मिळून ठरवू.

येताना औषधाच्या दुकानात अण्णांच्या मशीनचे फिल्टर घेतले, पाच नग. नंदाने तिच्यासाठी मऊ तळाच्या चपला घेतल्या. उद्यापासून संध्याकाळची मशीन ती लावणार आहे. मास्क कुठवर घट्ट धरायचा ते तिला आज दाखवलं.